धावपट्टी झाली, वेळापत्रकाचे काय?



जळगावच्या विमानतळावर गेल्या दीड दशकात किती वेळा नारळ फुटला, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. जून २०१० मध्ये विस्ताराच्या कामाची पायाभरणी झाली. मार्च २०१२ मध्ये लोकार्पण झाले. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईची नियमित सेवा सुरू झाली म्हणून सोहळा झाला. ती सेवा बंद पडली. सप्टेंबर २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीचे विमान आले, पुन्हा हारतुरे झाले. तीही सेवा बंद पडली. एप्रिल २०२४ मध्ये तिसऱ्या कंपनीने गोवा आणि हैदराबादची वाट उघडली आणि जूनमध्ये चौथीने मुंबईची. खान्देशच्या माणसाला उत्सवाचे वावडे नाही. आखाजीपासून कानबाईपर्यंत तो प्रत्येक सण मनापासून साजरा करतो. परंतु ज्या घरात एकाच मुलाचे बारसे चार-चार वेळा करावे लागते, त्या घराचे कौतुक वाटण्याऐवजी काळजीच वाटू लागते.

विमानतळ बांधणे आणि विमानसेवा टिकवणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत, हे या इतिहासातून दिसते आणि आजच्या विषयाचा गाभाही तोच आहे. विमानतळाला जमीन, सिमेंट आणि मंजुरी लागते. हे तिन्ही खान्देशने मिळवले. सेवेला मात्र वेळापत्रक लागते, आणि वेळापत्रकाच्या दोऱ्या जळगावच्या हातात नाहीत. धुळ्याच्या तर नाहीतच नाहीत. त्या मुंबईच्या धावपट्टीवर, छोट्या विमान कंपन्यांच्या तोकड्या ताफ्यात आणि दिल्लीतील एका योजनेच्या तीन वर्षांच्या मुदतीत गुंतलेल्या आहेत.

वेळापत्रकाचे सामर्थ्य काय असते, हे खान्देशाइतके क्वचितच दुसऱ्या कोणत्या प्रदेशाने अनुभवले असेल. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ खान्देशात येऊन पोहोचले. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले होते. तिकडचा कापूस मिळेनासा झाल्याने इंग्लंडमधील गिरण्यांना हिंदुस्थानातील काळ्या जमिनीची आठवण झाली आणि खान्देशच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. इंग्रजांनी लोहमार्ग आणला तो खान्देशी शेतकऱ्याच्या कल्याणासाठी नव्हे, कापसाच्या गासड्या मुंबई बंदरात लवकर पोहोचाव्यात म्हणून. हेतू परकीय आणि स्वार्थी होता, यात शंका नाही. तरीही त्या रुळांनी या प्रदेशाचे जीवन पालटले. भुसावळ हे जंक्शन झाले, तेथून एक मार्ग नागपूरकडे आणि दुसरा इटारसीकडे गेला, जळगावची बाजारपेठ उभी राहिली, रावेर-सावद्याची केळी दिल्लीच्या मंडईत पोहोचली. कारण साधे होते. गाडी रोज आली. पाऊस असो, दुष्काळ असो, डबे भरलेले असोत वा रिकामे, गाडी ठरलेल्या वेळी आली. तिच्या वेळेवर विसंबून व्यापाऱ्याने सौदे केले, विद्यार्थ्याने कॉलेज निवडले आणि सासुरवाशिणीने माहेरी निरोप धाडला.

या कहाणीची दुसरी बाजू धुळेकरांना अधिक ठाऊक आहे. त्या काळी धुळे हे साऱ्या खान्देश जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. पूर्व आणि पश्चिम अशी विभागणी १९०६ मध्ये झाली. तरी मुख्य लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव असा गेला आणि धुळे बाजूला राहिले. चाळीसगावहून धुळ्याला फाटा आला तो १९०० मध्ये. मनमाड-इंदूर मार्ग धुळ्यावरून जावा, ही मागणी करता करता पिढ्या सरल्या. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्या ३०९ किलोमीटरच्या आणि १८ हजार ३६ कोटी रुपये खर्चाच्या मार्गाला मंजुरी दिली ती २ सप्टेंबर २०२४ रोजी. मुख्य वाटेपासून एकदा दूर पडलेल्या शहराला परत वाटेवर येण्यासाठी किती काळ लागतो, याचे हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवूनच विमानाच्या प्रश्नाकडे पाहिले पाहिजे.

जळगावची धावपट्टी मुळात १९७३ ची. सार्वजनिक बांधकाम खात्याने ती तयार केली. कुसुंब्याजवळ, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत असलेल्या या पट्टीचा उपयोग दीर्घकाळ मंत्र्यांची आणि उद्योगपतींची विमाने उतरण्यापुरताच होता. १९९७ मध्ये ती नगरपालिकेकडे आली. ज्या नगरपालिकेला शहराला पाणी पुरवताना दमछाक होते, तिने विमानतळ सांभाळावा, ही अपेक्षाच विलक्षण म्हणावी लागेल. २००७ मध्ये तिने तो महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीच्या हवाली केला आणि २००९ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाशी करार झाला. जळगाव जिल्ह्याच्या कन्या प्रतिभाताई पाटील त्या वेळी राष्ट्रपतिपदी होत्या. पायाभरणी त्यांच्याच हस्ते झाली आणि लोकार्पणही. सुमारे साठ कोटी रुपये खर्चून धावपट्टी सतराशे मीटरपर्यंत वाढवण्यात आली, प्रवासी इमारत उभी राहिली, नियंत्रण मनोरा आला.

आणि त्यानंतर पावणेसहा वर्षे तेथे एकही नियमित प्रवासी विमान उतरले नाही.

हा काळ विसरता कामा नये. सर्व सुविधा सज्ज होत्या, केवळ विमान नव्हते. धावपट्टी तयार झाली की विमाने आपोआप येतील, असे गृहीत धरले गेले होते. ते तसे नसते. विमान ही भाड्याने घेतलेली, दर तासाला पैसे खाणारी वस्तू आहे. ती जमिनीवर उभी असतानाही तिचे भाडे चालूच असते. त्यामुळे कंपनी ते विमान जेथे दिवसातून जास्तीत जास्त वेळा, जास्तीत जास्त भरून उडेल तेथेच नेणार. दिल्ली-मुंबई मार्गावर गर्दी असताना जळगावला येण्याचे तिला प्रयोजनच काय?

हे प्रयोजन निर्माण करण्यासाठीच केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये 'उडान' योजना जाहीर केली. 'उडे देश का आम नागरिक' या शब्दांची ती आद्याक्षरे. एप्रिल २०१७ मध्ये सिमला-दिल्ली मार्गावर या योजनेतील पहिले विमान उडाले. योजनेची रचना विचारपूर्वक केलेली होती, हे मान्य केले पाहिजे. विमानातील साधारण निम्म्या आसनांना भाड्याची मर्यादा. तासाभराच्या, म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला ती सुरुवातीस अडीच हजार रुपये होती. त्यातून कंपनीला येणारी तूट सरकारने भरून द्यायची. त्यातील ऐंशी टक्के भार केंद्राच्या निधीवर आणि वीस टक्के राज्यावर. राज्याने विमान इंधनावरील कर एक टक्क्यावर आणायचा, सुरक्षा आणि अग्निशमन व्यवस्था विनामूल्य द्यायची. केंद्राचा निधी उभा राहतो तो गर्दीच्या मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर बसवलेल्या आकारातून. मुंबई-दिल्ली उडणाऱ्याने जळगाव-मुंबई उडणाऱ्याला हात द्यायचा, असा हा विचार आहे. या मातीतल्या अंत्योदयाच्या कल्पनेशी तो विसंगत नाही.

पहिल्याच फेरीत जळगावचे नाव आले. मार्ग मिळाला एअर डेक्कनला. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये याच नावाने स्वस्त विमानप्रवासाचा प्रयोग या देशात पहिल्यांदा केला होता. ती कंपनी पुढे किंगफिशरमध्ये विलीन झाली. नव्या अवतारात त्यांनी १९ आसनांची छोटी विमाने घेतली आणि २३ डिसेंबर २०१७ रोजी जळगाव-मुंबई सेवा सुरू झाली. काही महिन्यांतच उड्डाणे रद्द होऊ लागली आणि २०१८ मध्ये सेवा आधी अनियमित झाली व नंतर थांबली. गावात तेव्हा बोलले गेले की, जळगावला प्रवासीच नाहीत. हा निष्कर्ष घाईचा होता. या मार्गाचे खरे दुखणे मुंबईत होते.

मुंबईच्या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, परंतु त्या एकमेकींना छेदतात. साहजिकच एका वेळी एकच वापरता येते. त्या एका धावपट्टीवर गर्दीच्या वेळी तासाला सुमारे ४६ विमाने चढतात-उतरतात. दिवसाचा आकडा हजाराच्या घरात जातो. विमानाला उतरण्यासाठी आणि पुन्हा उडण्यासाठी नेमून दिलेली जी वेळ असते, तिला त्या व्यवसायात स्लॉट म्हणतात. १९ आसनी विमान असो की ३०० आसनी, दोघांनाही स्लॉट एकेकच लागतो. उलट मोठ्या विमानाच्या मागे हवेत भोवरे निर्माण होतात, म्हणून त्याच्या मागून येणाऱ्या छोट्या विमानाला अधिक अंतर राखावे लागते, म्हणजे ते धावपट्टीचा अधिकच वेळ खाते. विमानतळाचे उत्पन्न प्रवाशांच्या संख्येवर. मग जळगावहून आलेल्या एकोणीस माणसांसाठी सकाळी आठचा स्लॉट कोण देणार? छोट्या विमानाच्या वाट्याला येतात त्या उरल्यासुरल्या वेळा. मुंबईत स्लॉट मिळत नाहीत, ही एअर डेक्कनची तक्रारही होती.

आता जळगावच्या दाणा बाजारातील वा सराफ बाजारातील एखाद्या व्यापाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. त्याच्यापुढे पर्याय कोणता आहे? रात्री विदर्भ एक्स्प्रेस, अमरावती एक्स्प्रेस किंवा हावडा मेलमध्ये झोपायचे, सकाळी मुंबईत उतरायचे, दिवसभर कामे उरकायची आणि रात्रीच्या गाडीने परतायचे. एकही कामाचा दिवस वाया जात नाही, हॉटेलचा खर्च नाही. जळगाव-मुंबई हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास, उड्डाण सव्वा तासाचे. पण ते दुपारी असेल, तर जाण्याचा दिवस गेला आणि येण्याचाही गेला. आठवड्यातून तीनच दिवस असेल, तर मुक्काम वाढला. आणि ऐन वेळी रद्द झाले तर? रेल्वेचे आरक्षण तोवर संपलेले असते. असा अनुभव दोनदा आला की तिसऱ्यांदा व्यापारी रेल्वेचेच तिकीट काढतो. येथे प्रवासी नाहीत म्हणून सेवा तुटली, असे वरवर दिसते. वास्तविक सेवा तुटत होती म्हणून प्रवासी गेले.

दुसरा प्रयोग अधिक आश्वासक होता. सप्टेंबर २०१९ मध्ये हैदराबादच्या ट्रूजेट कंपनीने मुंबई-जळगाव-अहमदाबाद अशी सेवा सुरू केली. विमान एटीआर बनावटीचे, सत्तरच्या आसपास आसनांचे, पंख्याच्या दोन इंजिनांचे. कमी अंतरासाठी त्याला इंधन कमी लागते आणि सतराशे मीटरची धावपट्टी त्याला पुरते. अहमदाबादशी जोडले जाणे ही खान्देशच्या दृष्टीने मोठीच सोय होती, कारण तापीच्या काठाने गुजरातशी असलेले येथील व्यापाराचे आणि सोयरिकीचे संबंध पिढ्यान् पिढ्यांचे आहेत. पण सेवा सुरू होऊन सात महिने होत नाहीत तोच मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीने देशातील सर्वच विमाने जमिनीवर आणली. दोन महिन्यांनी उड्डाणांना परवानगी मिळाली, परंतु छोट्या कंपनीची कंबर मोडलेली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेटने आपली उड्डाणे थांबवली.

हे केवळ जळगावच्या वाट्याला आले असे नव्हे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी उडान योजनेवर २०२३ मध्ये सादर केलेला अहवाल या दृष्टीने डोळे उघडणारा आहे. योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग देण्यात आले. त्यांपैकी ४०३ मार्गांवर सेवा सुरूच होऊ शकली नाही. सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण केली ती ११२ मार्गांनी. आणि सवलत संपल्यावरही मार्च २०२३ मध्ये चालू असलेले मार्ग होते अवघे ५४. आपले सरकार, आपली योजना म्हणून या आकड्यांकडे डोळेझाक करणे योग्य ठरणार नाही. योजना हेतूने चांगली आहे म्हणूनच तिच्यातील दोष स्पष्टपणे सांगितला पाहिजे. विमान उडवण्यासाठी पैसा देण्याची तरतूद तिच्यात आहे. विमान रोज, ठरल्या वेळी उडावे यासाठी मोठ्या विमानतळावरील वेळेची हमी देण्याची तरतूद दुबळी आहे. शिवाय पहिल्याच फेरीत एअर डेक्कन आणि एअर ओडिशा या दोन कंपन्यांना मिळून ८४ मार्ग देण्यात आले. हाताशी विमाने मोजकी असताना इतके मार्ग द्यायचे, ही शेताच्या मानाने बैलजोडी न पाहताच खंडाने जमीन देण्याची तऱ्हा झाली. विमान एक बिघडले की तीन-तीन शहरांची सेवा एकदम कोलमडते.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा मुळीच नाही. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांवर पावसाळ्यात आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून खाली आणावे लागत असताना विमानाला सरकारी पैसा कशाला? जे तिकीट काढू शकतात त्यांनी पूर्ण भाडे द्यावे. या आक्षेपात तथ्य आहे. केंद्राचा वाटा विमानप्रवाशांकडूनच येत असला, तरी राज्याचे वीस टक्के हे राज्याच्या तिजोरीतले आहेत, आणि त्या तिजोरीवर पहिला हक्क पाड्यावरच्या रस्त्याचा आहे. म्हणूनच विमानसेवेचे समर्थन 'आमच्याही गावाला विमान हवे' अशा प्रतिष्ठेच्या भाषेत होऊ शकत नाही. ती सेवा प्रदेशाला नेमके काय देते, हे दाखवावे लागेल.

आणि येथे एक लाडका गैरसमज बाजूला सारणे आवश्यक आहे. प्रत्येक शुभारंभाच्या वेळी कोणी ना कोणी सांगतो की, आता जळगावची केळी विमानाने परदेशी जाणार. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिची प्रत उत्तम आहे, निर्यातही होते. पण केळी हे वजनदार आणि स्वस्त फळ आहे. एटीआर विमानाची सारी आसने काढून टाकली तरी त्यात आठ-नऊ टनांपलीकडे माल मावणार नाही. रेल्वेच्या एका पार्सल डब्यात २३ टन मावतो. परदेशी जाणारी केळी शीतपेटीतून न्हावा-शेवा बंदरात आणि तेथून जहाजाने जाते, आणि तिने तसेच जावे. रावेर-यावलच्या शेतकऱ्याचे हित सावद्याच्या रेल्वे धक्क्यावर डबे वेळेवर लागण्यात आहे. विमानाच्या नावाने त्याला स्वप्न विकणे ही फसवणूक होय.

विमानाने जायची असतात ती माणसे. ठिबक सिंचनाच्या कारखान्यात आलेला परदेशी खरेदीदार, डाळ मिलमधील यंत्र दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, विद्यापीठात तोंडी परीक्षा घेण्यासाठी येणारा प्राध्यापक, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील कागदपत्रे पाहू इच्छिणारा अभ्यासक. अजिंठ्याची लेणी जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहेत आणि छत्रपती संभाजीनगरपासून शंभर. तरीही विमानाने येणारा पर्यटक संभाजीनगरलाच उतरतो, कारण तेथे त्याला परतीच्या विमानाची खात्री असते. शिर्डीचा विमानतळ ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला, म्हणजे जळगावची पहिली सेवा आणि तो यांच्यात तीन महिन्यांचेही अंतर नाही. शिर्डीला देशभरातून विमाने येऊ लागली, कारण साईभक्ताचा ओघ बारमाही आहे. खान्देशकडे असा एकच मोठा ओघ नाही. येथे दहा लहान ओहोळ आहेत आणि ते एकत्र यायचे तर वेळेचा बांध लागतो.

त्यातला सर्वांत मोठा ओहोळ कदाचित पुण्याचा असेल. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून शिकलेली मुले-मुली मोठ्या संख्येने पुण्यात नोकरीला आहेत. त्यांच्यासाठी रेल्वेगाड्या अपुऱ्या, म्हणून सारी भिस्त रात्रीच्या ट्रॅव्हल्स गाड्यांवर. दिवाळी आणि आखाजीला त्यांचे भाडे दुप्पट-तिप्पट होते, हे प्रत्येक घराला माहीत आहे. एप्रिल २०२४ मध्ये फ्लाय-९१ या गोव्याच्या कंपनीने जळगावहून गोवा आणि हैदराबाद सेवा सुरू केली आणि त्यानंतर त्याच वर्षी पुण्याचीही जोड दिली, तेव्हा त्या बातमीचे स्वागत व्यापाऱ्यांपेक्षा अशा घरांतून अधिक झाले असेल. गावी एकटे राहणारे वृद्ध आई-वडील आणि चारशे किलोमीटरवरची मुले ही आज खान्देशच्या हजारो कुटुंबांची स्थिती आहे. रात्री वडिलांना दवाखान्यात हलवल्याचा फोन आला आणि सकाळी विमान आहे याची खात्री असली, तर त्या सव्वा तासाची किंमत भाड्याच्या आकड्यात मोजता येत नाही. मात्र खात्री नसेल, तर तो मुलगा रात्रीच मोटार घेऊन निघणार.

धुळ्याची कथा वेगळी आहे. गोंदूरच्या धावपट्टीवर प्रवासी विमान नाही, पण तेथे आकाश रिकामे नाही. १९२८ मध्ये जुहूला स्थापन झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब, ज्याच्याकडे जे. आर. डी. टाटा विमान चालवायला शिकले, तो आपले प्रशिक्षण येथे चालवू लागला. मुंबईचे आकाश शिकाऊ विमानांसाठी उरले नाही, म्हणून ती मोकळ्या खान्देशात आली. शिरपूरला वैमानिक प्रशिक्षणाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने देशातील ज्या पाच विमानतळांवर नव्या प्रशिक्षण संस्थांना जागा दिली, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो, लीलाबारी यांच्याबरोबर जळगाव होते. म्हणजे उद्या देशभर विमाने चालवणारे वैमानिक तापी-पांझरेच्या खोऱ्यावर घिरट्या घालून तयार होत आहेत, आणि त्या खोऱ्यातल्या माणसाला मुंबईच्या विमानाचा भरवसा नाही. धुळेकराला विमान पकडायचे तर तो मुंबई-आग्रा महामार्गाने ओझरला जातो किंवा थेट मुंबईलाच.

या प्रशिक्षणाच्या संदर्भात १६ जुलै २०२१ चा दिवस विसरता येत नाही. शिरपूरच्या संस्थेचे एक शिकाऊ विमान चोपडा तालुक्यात वर्डी गावाजवळ सातपुड्याच्या डोंगरात कोसळले. प्रशिक्षक जागीच गेले, शिकणारी तरुणी गंभीर जखमी झाली. रस्ता नव्हता, पाऊस होता. आवाज ऐकून धावली ती जवळच्या पाड्यावरची वनवासी माणसे. त्या तरुणीला खाली आणायला काही साधन नव्हते, तेव्हा भिल्ल समाजातील एका महिलेने अंगावरची साडी काढून दिली, तिची झोळी झाली आणि ती मुलगी डोंगर उतरून उपचारापर्यंत पोहोचली. ज्यांच्यापर्यंत विमान तर सोडाच, एस.टी.देखील धड पोहोचत नाही, त्यांनी आकाशातून पडलेल्या परक्या मुलीसाठी हे केले. पाड्यावरच्या रस्त्याचा हक्क पहिला, असे वर म्हटले ते या माणसांच्या संदर्भात केवळ भाषणातले वाक्य राहत नाही. विमानतळाच्या अग्निशमन आणि वैद्यकीय सज्जतेचा, तेथे उतरू शकणाऱ्या रुग्णविमानाचा आणि हेलिकॉप्टरचा लाभ सातपुड्याला कसा मिळेल, हा प्रश्न विस्ताराच्या प्रत्येक आराखड्यात विचारला गेला पाहिजे. आजवर तो फारसा कोणी विचारलेला नाही.

मग काय करता येईल? धावपट्टी आणखी लांब करण्याची मागणी वरचेवर होते. सतराशे मीटरच्या पट्टीवर एअरबस वा बोइंगची मोठी विमाने पूर्ण भाराने येऊ शकत नाहीत, हे खरे. पण जेथे सत्तर आसनांचे विमान रोज टिकत नाही, तेथे एकशे ऐंशी आसनांच्या विमानासाठी शेतकऱ्यांची जमीन मागण्याआधी दहा वेळा विचार व्हावा. जमीन एकदा गेली की गेली. आज जोर लावायचा तो वेळेसाठी. नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेरीस तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. अनेक दशकांत प्रथमच मुंबई परिसराला नवी धावपट्टी मिळाली आहे. तिच्यावरील सकाळ-संध्याकाळच्या वेळा भरण्यापूर्वीच त्यांतील काही महाराष्ट्राच्या जिल्ह्यांसाठी राखून ठेवाव्यात, अशी मागणी जळगाव, नांदेड, कोल्हापूर, सोलापूर यांनी एकत्र केली, तर तिला वजन येईल. प्रत्येक शहराचा खासदार स्वतंत्र पत्र घेऊन दिल्लीला जातो, आणि मंत्रालयाच्या फायलीत ती पत्रे एकमेकांना भेटतही नाहीत.

समाजालाही यात काम आहे. व्यापारी संघटना, डॉक्टरांची संघटना, विद्यापीठ, मोठे कारखाने यांनी वर्षाला साधारण किती माणसे कोणत्या दिवशी कोठे जातात, याचा लेखी अंदाज कंपनीपुढे ठेवला, त्यातील काही आसने आगाऊ घेतली, तर कंपनीलाही विमान हलवताना विचार करावा लागतो. सोहळ्याला शंभर माणसे जमतात. सेवा अनियमित झाल्यावर किती उड्डाणे कोणत्या कारणाने रद्द झाली, याची नोंद ठेवायला मात्र कोणी बसत नाही. ती नोंद हाती असेल, तर पुढच्या बैठकीत गाऱ्हाणे सांगावे लागणार नाही, कागद दाखवता येईल. जळगाव आणि धुळे यांच्यातही या बाबतीत स्पर्धा नको. सुमारे ९५ किलोमीटरवर दोन प्रवासी विमानतळ चालवण्याइतके प्रवासी आज खान्देशात नाहीत. गोंदूरने प्रशिक्षणाचे केंद्र म्हणून मोठे व्हावे, कुसुंब्याने प्रवाशांचे. आणि धुळे, अमळनेर, पारोळ्याहून जळगावच्या विमानाच्या वेळेशी जुळणारी एस.टी. महामंडळाची बस सुटावी. ही बस सुरू करायला दिल्लीची मंजुरी लागत नाही.

उडानच्या नियमाप्रमाणे सवलतीची मुदत तीन वर्षांची असते. एप्रिल २०२४ मध्ये सुरू झालेल्या मार्गांना तीन वर्षे पूर्ण होतील ती एप्रिल २०२७ मध्ये. अनुदान आटल्यानंतर कोणते विमान राहते आणि कोणते जाते, याचा निर्णय कंपनीच्या कार्यालयात त्याच्या पाच-सहा महिने आधी, हिवाळी वेळापत्रक ठरताना होतो. तेव्हा खान्देशच्या बाजूने टेबलावर काय असेल, याची तयारी त्याच्याही आधी व्हायला हवी.